मधलं घर पाडताना: कोपरखैरणेतल्या एका घरबांधणीचं प्रकरण

हे प्रकरण नवी मुंबईत, कोपरखैरणेतल्या एका जोडप्याचं आहे. त्यांच्या संमतीने लिहिलं आहे. नावं, सेक्टर, गल्ली मुद्दाम दिलेली नाही. सिडकोने (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने) बांधलेल्या रांगेतल्या घरांपैकी मधलं घर पाडून त्याच जागी नवं बांधायचं, एवढाच विषय. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नेरूळ, कुठेही फिरा, दर दुसऱ्या गल्लीत असं एखादं घर हिरव्या जाळीमागे चालू दिसतं. तरीही हे काम कसं पुढे सरकतं, कुठे अडतं आणि अडल्यावर कोण काय ठरवतं, हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही. या बांधकामात माझा वाटा सल्ल्यापुरता होता. नकाशे आर्किटेक्टचे, गणित स्ट्रक्चरल इंजिनिअरचं, आणि निर्णय सगळे त्या दोघांचे.

पार्श्वभूमी

तो महाप्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्स खात्यात, ती ऐरोलीच्या एका शाळेत शिक्षिका. आठवीतली मुलगी आणि त्याची आई. वडील साताऱ्याकडचे, दाणाबंदरात पोती वाहणारे माथाडी कामगार. घाऊक बाजार वाशीला आला तसे तेही खाडी ओलांडून इकडे आले आणि सिडकोचं हे लहानसं बैठं घर त्यांच्या नावावर झालं. भूखंड ६ मीटर रुंद, ९ मीटर खोल, म्हणजे ५४ चौरस मीटर. पुढे थोडं अंगण, मागे मोरी आणि तुळस. दोन्ही बाजूंना सामाईक भिंत.

घर जुनं झालं होतं, पण निकड वेगळीच होती. रस्ता दर काँक्रिटीकरणात थोडा थोडा वर चढला आणि घराचं जोतं होतं तिथेच राहिलं. एके काळी दोन पायऱ्या चढून घरात जायचे, आता एक पायरी उतरून जायला लागायचं. खाडीकाठच्या या वसाहतीत पावसाचं पाणी आधी धारण तलावात जातं आणि तिथून खाडीत. भरतीच्या वेळी खाडीकडची झडपं बंद होतात, मग पाणी तलावातच तुंबतं. मोठी भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आले की गटारं उलटी वाहू लागतात. २६ जुलै २००५ ला घरात कमरेइतकं पाणी होतं. त्यानंतर इतकं कधी आलं नाही, पण घोट्याएवढं जवळजवळ दर पावसाळ्यात. भर म्हणून स्लॅबच्या सळया खाऱ्या हवेने गंजून फुगल्या, त्यांच्यावरचं काँक्रिटचं कव्हर सुटलं आणि एका रात्री आजीच्या कॉटशेजारी पोपड्याचा तुकडा पडला. तिथून विषय घरबांधणीवर आला.

समोरचे पर्याय

पहिला विचार डागडुजीचा. स्लॅबला खालून दुरुस्ती, जोतं आतून उचलायचं आणि वर एक खोली. इंजिनिअरने तो एका भेटीतच मोडीत काढला. घराला कॉलमच नव्हते. नऊ इंची विटांच्या भिंतींवर सगळा भार, आणि त्यातल्या दोन भिंती अर्ध्या शेजाऱ्यांच्या. वर खोली चढवायची म्हणजे शेजाऱ्याच्या भिंतीवर आपला मजला ठेवायचा.

दुसरा, घर विकून उलव्याला किंवा तळोज्याला फ्लॅट. हा पर्याय त्यांनी बरेच दिवस धरून ठेवला होता. तिच्या वहीत दोन्ही बाजूंचा हिशोब मांडलेला मी पाहिला: मेंटेनन्स, प्रवासाचा वेळ, मुलीची शाळा, आणि शेवटच्या ओळीत ‘आई’. आजींना लिफ्टच्या इमारतीत जायचं नव्हतं. माझ्या मते हा पर्याय पैशाच्या हिशोबात सरसच होता. त्यांनी तो नाकारला तो घराच्या हिशोबात, आणि पुढे पैसे वाढत गेले तेव्हाही दोघांपैकी कोणी ‘तेव्हाच विकायला हवं होतं’ असं म्हटलं नाही. आधी नीट भांडून ठरवल्याचा हा फायदा.

तिसरा, शेजाऱ्यांसोबत एकत्र बांधायचं. डावीकडच्याने आधीच कॉलम घेऊन एक मजली घर बांधलेलं. उजवीकडच्या काकू एकट्या, मुलगा पुण्याला. त्यांचं उत्तर, ‘माझं होईल तेवढं या घरातच होऊ दे.’ विषय संपला.

उरलं ते मधलं घर एकट्याने पाडून बांधणं.

कागद

घर वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले. वडिलांनी स्वतः मिळवलेल्या मालमत्तेवर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानुसार पत्नी, मुलगा आणि मुलगी तिघांचा सारखा हक्क. म्हणजे आई, तो आणि कराडला दिलेली बहीण. बहिणीचं म्हणणं होतं, ‘मला काही नको, सही कुठे करायची सांग.’ तरी त्याच्या बायकोने आग्रह धरला की नणंदेला घरी बोलावून, मेहुण्यांसमोर, सगळं नीट सांगून मगच हक्कसोडपत्र करायचं आणि ते नोंदवायचं. वेळ गेला. पण दीड वर्षाने बँकेच्या वकिलाने याच कागदावर बोट ठेवलं तेव्हा उत्तर तयार होतं.

त्यानंतर सिडकोकडे वारस नोंद आणि घर बँकेकडे तारण ठेवायला ना-हरकत दाखला. जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे सिडकोच्या या दाखल्याशिवाय बँक हलत नाही, आणि नकाशा मंजुरी महापालिकेची. या दोन दारांमध्ये माणूस बराच फिरतो. त्या मानाने मंजुरीचं काम सोपं झालं. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियमावलीत १५० चौरस मीटरपर्यंतचे भूखंड कमी जोखमीचे धरले आहेत. परवानाधारक आर्किटेक्टने प्रमाणित केलेले नकाशे दाखल करून शुल्क भरलं की काम मार्गी लागतं. लोकांचा समज असा की यात परवानगीच लागत नाही. तसं नाही. जबाबदारी कचेरीतल्या माणसाकडून आर्किटेक्टच्या सहीकडे सरकते, इतकंच.

जून २०२३ मध्ये सुरू केलेले कागद जानेवारी २०२४ मध्ये संपले. ठरवलं होतं दिवाळीनंतर लगेच घर पाडायचं. प्रत्यक्षात फेब्रुवारी उजाडला. रांगेतल्या घराच्या कामात हे तीन महिने फार महाग पडतात, कारण पलीकडे पावसाळा उभा असतो.

नकाशा

हा भाग थोडक्यात उरकता आला असता, पण यातली एक गोष्ट मला फार आवडली. आर्किटेक्टचा नकाशा कागदावर छान दिसत होता. तिला तो कळेना. मग एका रविवारी भाड्याच्या घराच्या गच्चीवर तिने शाळेतल्या खडूने सगळं घर खऱ्या मापात आखलं. ओटा, फ्रिज, आजींची कॉट, संडासाचं दार कुठल्या बाजूला उघडणार, सगळं. मुलीला जिन्याच्या चौकोनातून वर जायला लावलं.

जिन्यातच घोळ होता. मजल्याची उंची २.९ मीटर धरली तर १८ सेंटिमीटरच्या सोळा पायऱ्या लागतात. दोन टप्प्यांत घेतल्या तरी जिना साधारण सव्वाचार चौरस मीटर जागा खातो, आणि मजलाच ३६ चौरस मीटरचा. आर्किटेक्टने जागा वाचवायला वळणावर तिरक्या पायऱ्या दाखवल्या होत्या. सासूबाईंना त्या जमणार नाहीत हे खडूच्या रेघांवर चालून पाहिल्यावर एका मिनिटात कळलं. सपाट टप्पा आला, हॉल दीड फुटाने आखूड झाला आणि आजींची खोली तळमजल्यावर पक्की झाली.

ठेका

कामाचे दोन प्रकार असतात. लेबर रेटने द्यायचं, म्हणजे माल आपण आणायचा आणि मजुरी ठेकेदाराची. किंवा मटेरियलसकट, चौरस फुटाच्या भावाने. तो कारखान्यात शिफ्टला, ती शाळेत. सिमेंटच्या गोण्या मोजायला घरी कोणीच नाही. त्यामुळे मटेरियलसकट. सुमारे ८०० चौरस फूट, २,२५० रुपये भाव, म्हणजे १८ लाख. बाकी खर्च धरून एकूण अंदाज २२ लाख, त्यात १८ लाख गृहकर्ज.

करारात एक ओळ होती: पाया पाच फुटांपर्यंत, त्याखाली जादा. ही ओळ दोघांनीही वाचली होती. इंजिनिअरने माती परीक्षण सुचवलं. खर्च वीस-पंचवीस हजार. ठेकेदार म्हणाला, ‘साहेब, समोरच्या लायनीत आठ फुटांवर मुरूम लागलाय, इथे काय वेगळं असणार?’ आणि परीक्षण राहून गेलं. या प्रकरणातला पहिला मोठा निर्णय हाच, आणि तो निर्णय म्हणून घेतलाच गेला नाही. ‘बघू’ म्हणत तो मागे पडला.

दुसरी एक गोष्ट मात्र त्यांनी वेळेवर केली. आर्किटेक्टच्या सांगण्यावरून, घर पाडण्याआधी दोन्ही शेजाऱ्यांच्या घरांचे आतून-बाहेरून फोटो काढले. आधीच असलेल्या भेगा पेन्सिलने तारीख घालून खुणावल्या, दोन पानांचा साधा पंचनामा केला आणि त्यावर शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या. काकूंनी चहा दिला. डावीकडचे जरा कुरकुरले: ‘एवढं कशाला, आपण काय परके आहोत का?’ पण सही केली.

खड्डा

घर पाडायला आठवडा लागला. राडारोडा रात्रीतून खाडीकडे टाकून यायची तयारी ठेकेदाराने दाखवली होती. महापालिकेचं भरारी पथक फिरत असतं आणि पकडलं तर दंड मालकाच्या गळ्यात, म्हणून पावतीसह टाकायचा ठरला. मग खणायला सुरुवात झाली.

दोन फूट भराव. त्याखाली काळीशार, बोटाला चिकटणारी, कुजकट वासाची खाडीची माती. चार फुटांवर पाणी. पाच फुटांवरही तीच माती. पंप लावला, रात्रीतून खड्डा पुन्हा भरला. शेवटी एका कोपऱ्यात चाचणीचा खड्डा घेतला तेव्हा मुरूम लागला नऊ फुटांवर. समोरच्या लायनीत आठ, इथे नऊ. ठेकेदार तसा फारसा चुकला नव्हता. चूक होती ती नऊ फूट खोल जाता येईल असं धरून चालण्यात. उजवीकडच्या काकूंच्या घराचा पाया जेमतेम सव्वातीन फूट. त्याला खेटून नऊ फुटांचा खड्डा केला आणि पाणी उपसत राहिलं तर त्यांच्या भिंतीखालची माती पाण्याबरोबर आपल्या खड्ड्यात येणार.

काम थांबलं. इंजिनिअरने तीन वाटा मांडल्या. एक, सुटे फुटिंग, म्हणजे प्रत्येक कॉलमखालचा वेगळा पाया, मुरुमापर्यंत नेऊन बाजूंना लोखंडी पत्र्यांचा आधार. दोन घरांच्या बोळात ते पत्रे ठोकणारं यंत्र आणणंच कठीण. दोन, पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, एवढ्याशा घराला परवडणारे नाहीत. तीन, राफ्ट, म्हणजे चार फुटांवर सगळ्या घराखाली एकच जाड काँक्रिटची लादी.

राफ्टचं गणित सामान्य माणसाला पटायला अवघड जातं: मऊ मातीवर घर ठेवायचं कसं? उत्तर काढलेल्या मातीच्या वजनात आहे. चार फूट माती बाहेर काढली की खालच्या थरावरचा दर चौरस मीटरला सुमारे दोन टन भार कमी होतो. तळमजला अधिक एक मजल्याचं घर सगळ्या क्षेत्रावर सारखं पसरलं तर भार येतो साडेतीन टनांच्या आसपास. म्हणजे मातीवर नव्याने पडणारा भार जेमतेम दीड टन. तेवढा ती माती सोसते. घर थोडं बसेल, पण सगळं एकत्र आणि सारखं बसेल. वेगवेगळे कॉलम वेगवेगळे बसले की भिंती फाटतात, ती भीती यात कमी.

हे गणित इंजिनिअरने सिमेंटच्या गोणीच्या कागदावर मांडून दाखवलं. त्याला लगेच पटलं. यंत्रांचे पाये त्याने पाहिलेले होते. तिचा प्रश्न वेगळा होता: ‘काकूंचं घर काय होईल?’ ते जराही हलणार नाही, याची हमी इंजिनिअरने दिली नाही, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला. उपाय असे ठरले. उजवीकडची सामाईक भिंत पाडायचीच नाही, कारण काकूंचा स्लॅब तिच्यावर टेकलेला. आपले कॉलम आतल्या बाजूला, आपली भिंत वेगळी. यात जवळजवळ पाऊण फूट रुंदी गेली. सहा मीटरच्या घरात ती जाणवते. खोदाई सलग न करता पट्ट्यापट्ट्यांनी: एक पट्टा खणायचा, तळाला काँक्रिट ओतायचं, मधला सोडून पुढचा घ्यायचा. आणि काकूंच्या घरातल्या जुन्या भेगांवर काचेच्या पट्ट्या सिमेंटने चिकटवायच्या. भेग हलली तर काच तडकते. वेगळं यंत्र लागत नाही. काकू रोज सकाळी दिवा लावल्यावर काच बघायच्या आणि खिडकीतून ओरडून सांगायच्या, ‘शाबूत आहे गं!’

खाडी जवळ म्हणून इंजिनिअरने काँक्रिट एम ३० (आकडा मोठा तितकं काँक्रिट मजबूत) लिहिलं आणि राफ्टच्या सळ्यांना कव्हर ५० मिलिमीटर. ठेकेदार एम २० वर अडून होता. खाडीची रेती चालणार नाही, क्रश सँडच (दगड फोडून केलेली वाळू) आणायची आणि बोअरच्या खाऱ्या पाण्याऐवजी टँकरचं पाणी, हेही ठरलं. सळया गंजून घर गेलेलं त्यांनी आताच पाहिलं होतं, त्यामुळे इथे फारशी समजूत घालावी लागली नाही. राफ्ट, पाणी उपसा आणि पट्ट्यांची खोदाई मिळून सुमारे अडीच लाख जादा लागले.

डावीकडचं फुटिंग

उजवीकडे इतकी काळजी घेतली आणि त्रास निघाला डावीकडून. तिसरा पट्टा खणताना डाव्या बाजूला काँक्रिटचा कोपरा लागला. शेजाऱ्याने घर बांधलं तेव्हा त्याच्या कॉलमचं फुटिंग यांच्या हद्दीत दीड फूट घुसवलेलं. जमिनीत खोल होतं, म्हणून इतकी वर्षं कळलं नाही.

त्याच आठवड्यात त्या शेजाऱ्याने विभाग कार्यालयात तक्रार दिली: यांच्या खोदाईमुळे माझ्या भिंतीला तडे गेले, काम थांबवा.

तो संतापला. त्याचं म्हणणं सरळ होतं. आपणही तक्रार करू, फुटिंग आपल्या जागेत आहे, फोटो आहेत, वकील आहे. ठेकेदाराने तर ब्रेकर लावून तो कोपरा उडवायची तयारी दाखवली. (याला माणसं ‘साइटवरचा उपाय’ म्हणतात. फुटिंगचा कोपरा तोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या दोन मजल्यांच्या भाराखालचा आधार काढणं.) दोन रात्री घरात हाच विषय. तिचं म्हणणं: ‘अहो, आपण तक्रार केली की त्यांचंही काम अडेल आणि आपलंही. मान्सून काय कोणाच्या सुनावणीसाठी थांबणार आहे?’

शेवटी ती एकटीच पंचनाम्याची प्रत आणि फुटिंगचे फोटो घेऊन शेजाऱ्याकडे गेली. पंचनाम्यात त्या दोन्ही भेगा आधीच्या तारखेने, त्याच्याच सहीसह खुणावलेल्या होत्या. फोटो तिने शेवटी दाखवला. ‘भाऊजी, हे तोडायचं नाही असं आम्ही ठरवलंय. पण आपण दोघांनी लिहून ठेवू.’

कागद असा झाला. शेजाऱ्याचं फुटिंग अमुक मापाने यांच्या हद्दीत आहे हे त्याने मान्य केलं. ते आहे तिथे राहू द्यायला यांनी संमती दिली. यांच्या कामामुळे पंचनाम्याबाहेरची नवीन भेग पडली तर यांनी भरून द्यायची. आणि त्याने तक्रार मागे घ्यायची. राफ्ट त्या फुटिंगच्या वरून जातो. दोघांमध्ये थर्माकोलचा थर घातला, म्हणजे राफ्ट जरासा बसला तरी फुटिंगवर टेकून एकीकडे अडणार नाही.

हद्दीचा हक्क सोडला, असं कोणी म्हणेल. एका वकील मित्राने तसं म्हटलंही. मला वाटतं, दीड फूट काँक्रिट जमिनीखाली तसंही वापरता येणार नव्हतं. लेखी कबुली मिळाली हीच खरी कमाई. पण हेही खरं की पंचनाम्यावर सही नसती, तर तिच्या हातात त्या दिवशी नुसता फोटो असता आणि बोलणं वेगळ्या वळणाने गेलं असतं.

पावसाळा आणि पहिला स्लॅब

राफ्ट एप्रिलअखेर, जोतं मे महिन्यात. नवं जोतं रस्त्यापेक्षा अडीच फूट उंच घेतलं. रस्ता पुढेही चढणार, हे धरून.

पहिल्या स्लॅबचं सेंट्रिंग, म्हणजे काँक्रिट ओतायचा तात्पुरता साचा, जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार झालं. ठेकेदाराला घाई होती, सेंट्रिंगच्या प्लाय आणि जॅकचं भाडं दिवसावर चालू. तो म्हणाला, ८ तारखेला टाकून टाकू. आभाळ भरलेलं होतं. इंजिनिअर नको म्हणाला. त्या वर्षी मान्सून ९ जूनला मुंबईत पोचला. ताज्या स्लॅबवर पहिला पाऊस पडला असता तर वरचं सिमेंट धुऊन निघालं असतं. थांबले, भाड्याचे पैसे गेले, आणि उघडीप मिळाल्यावर स्लॅब टाकला.

प्रश्न रेडीमिक्सचाही, म्हणजे प्लांटवरून तयार येणाऱ्या काँक्रिटचाही होता. बीम धरून माल सात घनमीटरच्या आसपास, म्हणजे एका गाडीपेक्षा जेमतेम जास्त. एवढ्यासाठी पंपाचं भाडं भरायचं की साइटवर मिक्सर लावून पाट्यांनी माल चढवायचा? ठेकेदाराच्या मते दुसरं स्वस्त, आणि ते होतंही. पण एम ३० साइटवर प्रत्येक घाण्याला सारखं निघेल याची खात्री कोण देणार? रेडीमिक्स घेतलं, ताकद तपासायला त्याच मालाचे क्यूब भरून ठेवले. २८ दिवसांचा निकाल नीट आला.

त्या दिवशी गाडी गल्लीत शिरेना, कारण दोन्ही बाजूंना मोटारी लावलेल्या. डावीकडच्या शेजाऱ्याने घराघरांत जाऊन किल्ल्या गोळा केल्या, स्वतः गाड्या हलवल्या. काही महिन्यांपूर्वी तोच काम थांबवायला निघाला होता.

पावसाळ्यात स्लॅबखाली विटकाम आणि वायरिंगचे पाइप झाले. दुसरा स्लॅब ऑक्टोबरात. पाणी मारायला तो शिफ्टला जाताना सकाळी आणि ती शाळेतून आल्यावर संध्याकाळी. गोणपाट वाळू द्यायचं नाही, एवढा एकच नियम त्यांनी ठेकेदारावर सोडला नाही.

आणखी एक मजला

दुसऱ्या स्लॅबच्या आधी ठेकेदाराने विचारलं, ‘वर एक खोली काढून टाकू का? आणि मागचं अंगण झाकून किचन वाढवू. गल्लीत सगळ्यांनी केलंय.’ खरंच केलेलं आहे. पाऊण फूट गमावलेल्या माणसाला हा मोह मोठा असतो. तोच म्हणाला, ‘घेऊ या.’ ती गप्प होती.

ठरवलं ते तीन गोष्टींनी. राफ्टचं गणित एका मजल्याचं. वर खोली चढली की मातीवर नव्याने येणारा दीड टन अडीच होतो. बँकेचा शेवटचा हप्ता भोगवटा प्रमाणपत्रावर (घर मंजूर नकाशाप्रमाणे झाल्याचा महापालिकेचा दाखला) अडलेला. आणि अनधिकृत बांधकामाला मालमत्ता कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लागू शकते. दिघ्यातल्या अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशाने पाडायला घेतल्या ते २०१५ साल त्याच्या लक्षात होतं; त्याचा एक सहकारी त्यात राहत होता. गच्ची मोकळी राहिली. मागचं अंगण उघडं, तुळस परत तिथेच.

निष्पत्ती

भोगवटा प्रमाणपत्र मे २०२५ मध्ये मिळालं. आठ महिन्यांचं काम पंधरा महिन्यांवर गेलं. बावीस लाखांचा अंदाज अठ्ठावीसवर. वाढलेल्या सहा लाखांत अडीच लाख पायाचे, सुमारे सव्वा लाख जादा महिन्यांच्या भाड्याचे, बाकी टाइल्स, दरवाजे आणि ‘आता एकदाच करतोय तर’ या सदरातले. हे शेवटचं सदर प्रत्येक घरात असतं आणि कोणत्याही अंदाजपत्रकात नसतं. तिच्या पाटल्या काही महिने बँकेत तारण होत्या, त्या सोडवून आणल्या.

पहिल्या पावसाळ्यात पाणी रस्त्यावर आलं, घरात आलं नाही. काकूंच्या भेगांवरच्या दोन काचांपैकी एक तडकली, जुलै महिन्यात. भेग केसाएवढीच वाढली होती. करारात नसतानाही यांनी तिथलं प्लास्टर करून दिलं.

काय वेगळं करता आलं असतं

माती परीक्षण कागदांच्या काळातच व्हायला हवं होतं. घर पाडण्याआधीही अंगणात बोअर घेता येतो. राफ्ट तरी लागलाच असता, पण तो ठेक्याच्या भावात बसवून घेता आला असता. खड्डा उघडा पडल्यावर भाव करणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. करारातली ‘पाच फुटांखाली जादा’ ही ओळ कोणत्या दराने, हे न लिहिता राहिली, तिथेच ठेकेदाराला मोकळं रान मिळालं.

डावीकडच्या शेजाऱ्याच्या घराचा जुना नकाशा आधी मागून घेता आला असता. मंजूर नकाशात फुटिंग हद्दीत असेल, प्रत्यक्षात नसेल. पण शंका तरी आली असती. हद्दीलगत एक लहान चाचणी खड्डा घेतला असता तर पत्ता लागला असता.

कागद पूर्ण होऊन फेब्रुवारी उजाडला तेव्हा काम पुढच्या ऑक्टोबरवर ढकलायचं का, यावर इंजिनिअरचं आणि माझं एकमत नाही. त्याच्या मते ढकलायला हवं होतं: राफ्ट कोरड्या दिवसांत निवांत झाला असता, सेंट्रिंगचं भाडं वाचलं असतं. मला वाटतं, आणखी एक पावसाळा आजींना त्या स्लॅबखाली ठेवणं जास्त महाग पडलं असतं, आणि राफ्ट पावसाआधी बसला म्हणजे अवघड काम झालंच होतं.

काकूंचा मुलगा आता पुण्याहून परत येतोय आणि आईचं घर पाडून बांधायचं म्हणतोय. सामाईक भिंत तेव्हा निघणार. त्याच्या आर्किटेक्टला राफ्टचे नकाशे, माती नऊ फुटांपर्यंत काय आहे त्याची नोंद आणि पट्ट्यांच्या खोदाईचे फोटो यांनी देऊन टाकले आहेत. भिंत पाडल्यावर यांची वेगळी भिंत उघडी पडेल, तिला बाहेरून प्लास्टर कोणाच्या खर्चाने, यावर बोलणं चालू आहे.